एक धड फोटो

माझा नवरा रुग्णालयात एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांना "श्वास रोखा, हलू नका" असं सांगायचं आणि भिंतीमागे जाऊन बटण दाबायचं, एवढंच त्याचं काम. त्यात फोकसची भानगड नसते. हाड मोडलं असेल तर मोडलेलं दिसतं, नसेल तर नाही. मला वाटतं, त्याने ती नोकरी धरली ती त्यासाठीच. कारण त्याच्या वडिलांच्या घरात सगळी भांडणं फोकसवरूनच व्हायची.

सासरे फोटोग्राफर होते. बाजारातल्या अरुंद गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मध्ये स्टूल आणि रंगवलेला पडदा, मागे डार्करूम. त्यांचा नियम एकच, पण दगडावरची रेघ: हललेला किंवा फोकस चुकलेला फोटो दुकानाबाहेर जाणार नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो चालेल, ओळखू येतोय की मी." सासरे त्याच्या डोळ्यांदेखत फोटो फाडायचे आणि त्याला पुन्हा स्टुलावर बसवायचे. दोन्ही मुलगे त्या दुकानातच वाढले. धाकट्याचा हात लवकर बसला. माझ्या नवऱ्याचा काही केल्या बसेना, आणि सासरे ते चारचौघांत बोलून दाखवायचे. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. माझ्याही नाही, म्हणून आमचं दोघांचं बरं जमायचं.

लोकांच्या खिशात फोन आले आणि स्टुडिओ बंद करायची वेळ आली. शेवटच्या दिवशी आम्ही सगळे जमलो होतो, जुनी गिऱ्हाइकं होती, शेजारचे दुकानदार होते. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर बसले आणि म्हणाले, "या जागेतला शेवटचा फोटो माझा. थोरला काढेल." हा त्यांनी केलेला मान होता हे मला आजही वाटतं. पण नवऱ्याने घाईघाईत फोकस लावला आणि बटण दाबलं. धाकट्याने फोटो धुऊन आणला तेव्हा पडद्यावर रंगवलेला जिना पायरीन् पायरी लख्ख होता आणि सासऱ्यांचा चेहरा धुक्यात गेला होता.

सासऱ्यांनी तो फाडला. वर सगळ्यांसमोर म्हणाले, "जन्म गेला याचा या दुकानात, आणि बापाचा चेहरा दिसत नाही याला. माझा एक धड फोटो काढता येईल ना, त्या दिवशी दार वाजव. तोवर तोंड दाखवू नकोस."

रागातलं बोलणं. दुसऱ्या कुठल्याही घरात ते आठवड्याभरात निवळलं असतं. मी सासऱ्यांना तिथेच चार शब्द सुनावले, त्यांनी मला आठ सुनावले, आणि माझंही त्या घरी जाणं बंद झालं. नवरा मात्र ते वाक्य घरी घेऊन आला आणि त्याने ते शब्दशः पाळलं. सासरे धाकट्याकडे, म्हणजे माझ्या दिरांकडे, राहायला गेले. दिरांचं घर आमच्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून दिसतं. मध्ये फक्त बसडेपो आहे. आम्ही सहाव्या मजल्यावर, ते तिसऱ्या. चालत गेलं तर वाटेत घाम यायच्या आत पोचावं, इतकं जवळ. त्या डेपोच्या दोन बाजूंना बाप आणि लेक मूग गिळून बसले. एक वर्ष गेलं, मग दुसरंही गेलं.

जाऊबाई अधूनमधून मला चोरून फोन करायची. अशाच एका फोनमध्ये म्हणाली, "वहिनी, बाबांचे पाय गेलेच आहेत, आता हृदयही थकलंय. डॉक्टर म्हणाले, सांभाळा. भावजींना सांगा ना, येऊन जा म्हणावं."

मी सांगितलं. तो जेवत होता. त्याने घास गिळला, पाणी प्यायलं आणि म्हणाला, "जाईन. पण रिकाम्या हाताने नाही जाणार."

"मग काय नेणार? फळं?"

"फोटो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, तो माणूस मरायला टेकलाय आणि तू त्यांचं जुनं बोलणं कुरवाळत बसलायस? आणि भेटल्याशिवाय फोटो काढणार कसा?"

त्याने बाल्कनीकडे बघितलं. तेवढ्यावरून मला कळलं की याच्या डोक्यात हे आज आलेलं नाही.

लेन्स घ्यायला मी मुद्दाम बरोबर गेले, कारण याला कोणीही टोपी घालतं. दुकान एका लाकडी जिन्यावर होतं. काचेच्या कपाटांत मेलेले कॅमेरे ओळीने मांडलेले, आणि मागे डोळ्याला भिंग लावून बसलेला म्हातारा दुकानदार. नवऱ्याने काय हवं ते सांगितल्यावर त्याने खालच्या कप्प्यातून एक चामड्याची नळी काढली आणि तिच्यातून लेन्स. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, काळी, सगळी धातूची. कडेचा रंग उडून पितळ दिसत होतं. पाळण्यातल्या पोरासारखी त्याने ती दोन्ही हातांवर नवऱ्याला दिली.

"हिच्यात मोटर नाही की वायर नाही," दुकानदार म्हणाला. "तुमच्या आजच्या कॅमेऱ्यावर बसवायला मी मधली रिंग देतो. पण कॅमेऱ्याला कळणारसुद्धा नाही की पुढे काही बसवलंय. बघायचं तुम्ही, फिरवायचं तुम्ही, चुकायचंही तुम्हीच."

मी लेन्स उजेडाकडे धरून आत बघितलं. "आत कोळिष्टकं आहेत."

"बुरशी आहे ती. एका कोपऱ्यात आहे, चित्रात येत नाही. या वयात थोडीफार सगळ्यांनाच लागते, बाई."

"याच्यापेक्षा नवीन घे," मी नवऱ्याला म्हटलं. "आपोआप फोकस होणारी. एका दिवसात काम होईल."

"मग तो फोटो यंत्राचा," नवरा म्हणाला. "बाबा बघताक्षणी ओळखतील."

दुकानदाराने भिंग काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग लेन्सवरची फोकसची रिंग फिरवून दाखवली. आतलं वंगण सुकलं होतं, रिंग जड फिरत होती. "शेवटपर्यंत जाऊ नका," तो म्हणाला. "रिंग अडते तिथे फोकस असतो असं लोकांना वाटतं. तो त्याच्या जरा अलीकडे असतो. पुढे जायचं, चुकलं असं दिसलं की मागे यायचं. मागे येता आलं पाहिजे."

नवरा मान डोलावत होता. रिंगच्या बाबतीत त्याने हा सल्ला तंतोतंत पाळला.

आमच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन, कांद्याची टोपली आणि कपड्यांची दोरी आहे. त्या पसाऱ्यात त्याने तीन पायांचा स्टँड रोवला. मी लेन्सला तोफ म्हणायला लागले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "तुमचे मिस्टर कोणाच्या घरात बघतात हो?" मी म्हटलं, "स्वतःच्या बापाच्या. तुमच्या घरात बघण्यासारखं काही असेल तर सांगा, तोंड वळवायला लावते." त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

दुपारी सासऱ्यांना खुर्चीसकट बाल्कनीत आणून बसवत. नवऱ्याने पाळ्या बदलून सकाळच्या करून घेतल्या आणि दुपारी तो घरी यायला लागला. एका सुटीच्या दिवशी त्याने मला पहिल्यांदा बोलावून कॅमेऱ्याचा पडदा दाखवला तेव्हा मी हातातला झारा घेऊनच गेले. एवढ्या दिवसांत माझ्या डोक्यातले सासरे स्टुलावर ताठ बसलेले होते. खुर्चीतल्या माणसाची मान कॉलरमध्ये सैल पडली होती. गाल आत गेले होते. "म्हातारे झाले रे," मी म्हटलं. नवरा रिंग फिरवत राहिला. चेहरा पुसट व्हायचा, पुन्हा उमटायचा.

फोटो काही धड येईना. डेपोच्या पत्र्याच्या छपरांवरून दुपारी गरम हवा उठायची आणि पलीकडचं सगळं पाण्यात असल्यासारखं लवलवायचं. मशीन सुरू असलं की स्टँड थरथरायचा. मी कपडे हाताने धुवायला लागले. हे सगळं टळलं तर सासऱ्यांच्या चष्म्यावर आभाळ चकाकायचं आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके यायचे. आणि चष्माही चकाकला नाही, तर ते स्वतः हलायचे. ऐन वेळी उजवा हात वर करायचे.

"एक क्षण स्वस्थ बसत नाहीत," नवरा चिडायचा. "दुसऱ्यांना जन्मभर पुतळ्यासारखं बसवलं, स्वतःला जमत नाही."

एक दिवस मी ते हललेले फोटो एकापाठोपाठ एक बघितले. हात खांद्यापर्यंत वर, मग पंजा खाली वळलेला, मग बोटं आत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"अरे, ते बोलावतायत तुला."

"माशा हाकलतायत."

"रोज? आपल्याकडे तोंड करून? आंधळा आहेस का? त्यांना तोफ दिसते. जा. आत्ताच्या आत्ता जा."

त्याने तो पडदा बंद केला. त्यालाही ते दिसलं होतं, माझ्या आधीच दिसलं असणार. मग हळू म्हणाला, "हे फोटो घेऊन जाऊ? ते फाडतील. त्यांनी पुन्हा माझ्यासमोर फोटो फाडलेला मला सहन नाही व्हायचा. एक चांगला येऊ दे. एकच. तो त्यांच्या हातात ठेवला की मला काही बोलावं लागणार नाही, त्यांनाही नाही."

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांवर ओरडते आणि ओरडून घेते. मी त्या दिवशी त्याला दंडाला धरून खाली न्यायला हवं होतं. पण त्याचा चेहरा बघून मी नमले. मी म्हटलं, "बरं, लवकर काढ मग."

तो शिकतही होता, हे कबूल करायला हवं. रिंगवरची त्याची बोटं हळूहळू हलकी झाली. श्वास सोडून मग बटण दाबायला लागला. भुवया नीट यायला लागल्या, कधी शर्टाचं बटण, कधी हनुवटीवरचे खुंट. स्टुडिओत वडील ओरडूनही जे जमलं नाही ते वडिलांकडेच लांबून बघत त्याला जमत होतं. कधीकधी तो फोटो न काढताच नुसता बघत उभा राहायचा.

मग तो दिवस आला. सकाळपासून ढग होते. पत्रे तापले नव्हते, हवा स्वच्छ होती. मला सुटी होती. दुपारी मी बाल्कनीतल्या दोरीवरचे कपडे काढत होते आणि नवरा कॅमेऱ्याला चिकटलेला होता.

"हलत नाहीयेत," तो कुजबुजला.

"हं?"

"आज हात वर करत नाहीयेत. आणि चष्मा काढलाय. मांडीवर ठेवलाय." त्याने रिंगवर बोटं ठेवली. "चष्मा चकाकतो म्हणून काढलाय त्यांनी. गिऱ्हाइकांना सांगायचे ना, चष्मा काढा म्हणून? त्यांना कळलंय गं. ते पोज देतायत मला."

मी कपडे खांद्यावर टाकून त्याच्या मागे उभी राहिले. तो रिंग पुढे नेत होता, मागे आणत होता, पुन्हा जराशी पुढे. एरवी घाई करायचा, आज त्याने घाई केली नाही. एक काढला, मोठा करून बघितला, पुन्हा फोकस लावला, पुन्हा काढला. तोंडाने पुटपुटत होता. मला वाटलं मोजतोय, पण तो म्हणत होता, "असेच बसा बाबा. छान. हलू नका. असेच."

मग त्याने मला पडदा दाखवला. भुवईचा केस न् केस. कपाळावरच्या आठ्या. अर्धवट मिटलेले डोळे, पण पापण्यांसकट स्पष्ट. मान किंचित एका बाजूला. चेहऱ्यावर कसलाही राग नव्हता. मी त्यांना असं शांत कधी बघितलंच नव्हतं. मलाही इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "जमलं रे! पळ आता."

तो चप्पल उलटसुलट घालून फोटो छापायला पळाला. जाताना म्हणाला, "तू तयार होऊन बस. आल्या आल्या निघू."

मी चांगले कपडे घातले. केस विंचरत होते तेव्हा जाऊबाईचा फोन आला.

"वहिनी, बाबा गेले. बाल्कनीत, खुर्चीतच."

ते कधी गेले, हे मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. कंगवा केसांत तसाच ठेवून पलंगावर बसून राहिले. नवरा आला तो दारातूनच बोलत आला. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून आणला होता, सासरे द्यायचे तसा, वर पातळ कागद लावून. "बघ, बघ तरी! छापणारा माणूस म्हणाला, हा कोणी काढला? मी म्हटलं, मी."

मी सांगितलं. आडवळणाने सांगायची मला सवय नाही. एका वाक्यात सांगितलं. त्याने तो पातळ कागद फोटोवर नीट बसवला, कडा जुळवल्या, आणि म्हणाला, "चल."

डेपो आम्ही चालत ओलांडला. खरंच घाम आला नाही. दिरांनी दार उघडलं, थोरल्या भावाला बघितलं आणि बाजूला झाले. सासऱ्यांना आत पलंगावर ठेवलं होतं. नवरा त्यांच्या पायाशी उभा राहिला. पुठ्ठा छातीशी धरलेला होता.

जाऊबाई रडत रडत सांगायला लागली. "रोज दुपारी मला म्हणायचे, खुर्ची बाहेर ने, थोरल्याचा कॅमेरा लागलाय. केस विंचरून घ्यायचे. मी म्हणायचे, बाबा, फोन लावून देते, बोलवा त्यांना. तर म्हणायचे, हात करून बोलावतोच आहे रोज, आणखी काय पायऱ्या उतरून जाऊ? मग म्हणायचे, येईल, त्याला फोकसला वेळ लागतो."

नवऱ्याने पुठ्ठा पुढे केला. "आणलाय," तो म्हणाला. "आज चांगला आला."

दिरांनी वरचा कागद उचलला आणि त्यांना रडू फुटलं. त्यांची नजर या कामात तयार. त्यांनी लगेच ओळखलं की फोटोत कुठेही चूक नाही. "दादा, असा मलाही जमला नसता रे," ते म्हणाले. दोन वर्षांत ते भावाशी पहिल्यांदा बोलत होते. "हाच लावू."

जाऊबाईने डोळे पुसून फोटो हातात घेतला आणि तिचं रडणं थांबलं. तिने एकदा पलंगाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"हा कधी काढला, भावजी?"

"आज दुपारी. तेव्हा ढग होते ना. त्यांनी चष्माही काढला होता, बघ."

"त्यांनी नाही काढला," ती म्हणाली. तिला थांबवायला हवं होतं, पण माझा हात उचलला गेला नाही. "ते चष्मा कधी काढायचेच नाहीत, त्याशिवाय स्वतःचा हातही दिसायचा नाही त्यांना. मी आत कपड्यांना इस्त्री करत होते. बाहेर आले तर मान कलली होती आणि चष्मा मांडीवर घसरलेला. त्यावरूनच मला..."

तिने वाक्य पूर्ण केलं नाही. दिरांनी फोटो तिच्या हातातून घेतला आणि त्यावर कागद टाकला. नवरा पलंगाच्या कडेला खाली बसला आणि त्याने वडिलांचं पाऊल दोन्ही हातांत धरलं. बराच वेळ तो ते चोळत होता, गार पडलेलं माणूस चोळतात तसं.

परत येताना आम्ही डेपोच्या भिंतीपाशी थांबलो. बसेस मुक्कामाला येत होत्या आणि कंडक्टर एकमेकांना हाका मारत उतरत होते. त्याने मला विचारलं, "मी फोकस लावत होतो तेव्हा ते होते का गं? मी एवढा वेळ घेतला. आधी असतील ना? पहिल्या फोटोच्या वेळी तरी?"

मला काय ठाऊक? मीही तिथेच उभी होते, मीही धपाटा घातला होता. खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही, आणि त्याला ते माहीत आहे.

"होते," मी म्हटलं. "तुझ्याकडेच बघत होते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली, आणि आम्ही घराशी येऊन जिना चढायला लागलो.